चक्षु, दृष्टी आणि दर्शन

शेवगाव हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील गाव पैठणापासून फारसे दूर नाही. वाटेत घोटण, पुढे गंगेच्या अलीकडच्या तीरावर मुंगी आणि पलीकडे पैठण. 'मुंगी-पैठण' असे जोडनावच या भागात लोकांच्या तोंडी आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे ज्या पैठणात दीर्घकाळ अवस्थान घडले, त्या पैठणच्या स्थानांना पायी जाऊन नमस्कार करावयाचा म्हटला तरी शेवगावच्या सद्भक्तास तो एका दिवसाचा पल्ला आहे. अशा या परिसरातील एखादी वृद्ध उपदेशी माता, डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यावर, दारी आलेल्या महंतांस दंडवत घालून विचारते, "बाबा, पोथीची ओळ दिसेना, स्थानाचा ओटा दिसेना. जन्मभर डोळे भरून नमस्कार केला. आता माझे दर्शन संपले का?"

हा प्रश्न एका मातेचा नाही. ज्या घरी म्हातारपण आहे त्या प्रत्येक घरचा तो आहे. शिवाय सूक्ष्म विचार केला तर तो डोळस साधकाचाही आहे. पैठणपासून वर डोमेग्रामाकडे जाणाऱ्या ज्या गंगातीराने स्वामींचे येणे-जाणे झाले, त्या जुन्या तीराचा बराच भाग १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागराखाली गेला आहे. आज उत्तम दृष्टीचा मनुष्य त्या काठी उभा राहिला, तरी त्यास पाणीच दिसते. आंधळ्यास जे दिसत नाही ते तेथे डोळसासही दिसत नाही. मग दर्शन म्हणजे नेमके काय, आणि ते डोळ्याचे काम आहे की आणखी कशाचे, याचा विचार करणे प्राप्त होते.

या विचारास संस्कृत भाषेतील डोळ्याची नावे फार उपयोगी पडतात. अमरकोशात नेत्र, चक्षु, अक्षि, नयन, लोचन, दृष्टी, ईक्षण, दृक् अशी आठ नावे एकाच इंद्रियास दिलेली आढळतात. पदार्थ एक असला तरी ही नावे निरनिराळ्या धातूंपासून निघाली असल्यामुळे डोळ्याचे निरनिराळे धर्म सांगतात. नावांचे हे अर्थ एकत्र ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. डोळा आपल्या एकट्याच्या बळावर काहीच पाहू शकत नाही, असेच ही नावे निरनिराळ्या रीतींनी सांगत आहेत.

अक्षि : प्रत्यक्ष, परोक्ष आणि साक्षी

प्रथम 'अक्षि' शब्द घ्यावा. निरुक्तकार यास्काने या शब्दाची उपपत्ती सांगताना आग्रायण नावाच्या आचार्यांचे मत नोंदविले आहे. त्यांच्या मते 'अक्षि' हा शब्द अञ्ज् धातूपासून झाला. अञ्ज् म्हणजे माखणे, तसेच प्रकट करणे. डोळ्यात घालावयाचे 'अंजन' या धातूचे, आणि 'व्यक्त' हा शब्दही याच धातूचा. म्हणजे ज्याच्या योगे वस्तू व्यक्त होते ते अक्षि. येथे एक विवेक केला पाहिजे. वस्तू व्यक्त होते यात डोळ्याचा वाटा किती आणि वस्तूचा वाटा किती? अंधाऱ्या कोठडीत डोळा उघडाच असतो, परंतु घडा दिसत नाही. दिवा आणला म्हणजे दिसतो. डोळ्यात तर काही वाढले नाही. तद्वत परमेश्वर स्वरूपतः निराकार आहे. जीवाचे डोळे त्यास कोणत्याही काळी पोहोचणारे नव्हेत. तो कृपाळूपणे मायापुराचा स्वीकार करून मनुष्यवेषाने येतो, तेव्हाच जीवास दिसतो. व्यक्त होणे ही पाहणाराची शक्ती नव्हे, ती दिसणाराची कृपा आहे. ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली त्यास आपल्या दृष्टीचा अभिमान राहत नाही, आणि दृष्टी गेल्याची निराशाही राहत नाही.

याच अक्षाचे आणखी तीन शब्द व्यवहारात रूढ आहेत. डोळ्यासमोर ते 'प्रत्यक्ष', डोळ्यापलीकडचे ते 'परोक्ष' आणि ज्याने स्वतः पाहिले तो 'साक्षी'. साक्षी म्हणजे साक्षात् पाहणारा, अशी व्यवस्था पाणिनीने स्पष्टपणे लावली आहे. या तीन शब्दांचा परस्परसंबंध मार्मिक आहे. जे एकास प्रत्यक्ष ते दुसऱ्यास परोक्ष असते, आणि या दोघांमधील अंतर साक्षी भरून काढतो. न्यायाधीशाने गुन्हा पाहिलेला नसतो, तरी साक्षीच्या आधाराने तो निर्णय देतो आणि सर्व लोक तो मान्य करतात. व्यवहारात जी गोष्ट इतकी प्रमाण, ती परमार्थातच कमी प्रतीची का मानावी? सन्निधानातील भक्तजनांस परमेश्वर प्रत्यक्ष होता. असन्निधानातील साधकास तो परोक्ष आहे. या दोहोंमध्ये साक्षी उभे आहेत, आणि त्यांची साक्ष म्हणजे शास्त्र.

नेत्र आणि नयन : नेणारा डोळा

'नेत्र' आणि 'नयन' हे दोन्ही शब्द नी या धातूचे. नी म्हणजे नेणे. नेता, विनय, उपनयन हे शब्दही त्याच घराण्यातले. डोळा मनुष्यास नेतो म्हणून तो नेत्र. परंतु संस्कृतात 'नेत्र' शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. रवीला गुंडाळून जिने ताक घुसळतात त्या दोरीसही नेत्र म्हणतात. ज्या ग्रामीण घरात रवी-डेऱ्याचे घुसळण होते तेथे हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दोरी ज्या बाजूने ओढावी त्या बाजूने रवी फिरते. डोळा ज्या बाजूस ओढला जातो त्या बाजूस सारा मनुष्य फिरतो. बाजारात एका वस्तूवर डोळा गेला की मागून मन जाते, मनामागे हात जातो आणि हातामागे पैका जातो. संन्यस्त पुरुषाने दृष्टी भूमीवर ठेवून चालावे, हा जो आचार आहे, त्याचे कारण हेच. दोरी आपल्या हाती असली तर लोणी निघेल. ती विषयाच्या हाती गेली तर आयुष्यभर घुसळण होईल, पण डेऱ्यात लोणी दिसणार नाही.

आता नेणारास स्वतः वाट ठाऊक असली पाहिजे. जीव अनादि अविद्येने युक्त. त्याचा डोळा त्यास कोठे नेणार? प्रपंचात जन्मलेला डोळा प्रपंचातच नेईल. यास्तव नेत्रालाही नेता हवा. जे श्रीमुखींचे निरूपण तोच साधकाचा खरा नेत्र होय. डोळे मिटले असतानाही तो वाट दाखवितो. अंधारातल्या ओळखीच्या वाटेने मनुष्य घरी येतो तो डोळ्यांनी येत नाही, पूर्वी त्यास कोणीतरी हात धरून नेले होते म्हणून येतो.

चक्षु : जो पाहतो आणि सांगतो

'चक्षु' शब्दाचा मूळ धातू चक्ष्. याचे वैशिष्ट्य असे की, धातुपाठात त्याचा मुख्य अर्थ 'स्पष्ट वाणीने सांगणे' असा दिला आहे, आणि 'पाहणे' हाही अर्थ मान्य आहे. इतकेच नव्हे, तर व्याकरणाच्या नियमाने काही रूपांत चक्ष् च्या जागी ख्या हा आदेश होतो, आणि त्यापासून आख्यान, व्याख्यान हे शब्द सिद्ध होतात. चक्षु आणि व्याख्यान यांचे असे सख्य आहे! भाषेने पाहणे आणि सांगणे यांना एकाच धातूत बांधले. ज्याने पाहिले त्याने सांगावे, आणि न पाहता कोणी सांगू नये, असा दुहेरी दंडक या एका धातूत साठविलेला आहे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या रचनेकडे या दृष्टीने पाहावे. गीतेचा आरंभ एका आंधळ्याच्या प्रश्नाने होतो. धृतराष्ट्रास जन्मतः दृष्टी नाही. युद्धापूर्वी व्यासांनी त्यास दृष्टी देऊ केली होती. परंतु स्वकीयांचा वध पाहवणार नाही म्हणून त्याने ती नाकारली, आणि मग संजयास ते सामर्थ्य मिळाले, अशी भीष्मपर्वातील कथा आहे. संजय पाहतो आणि सांगतो. चक्ष् धातूचे दोन्ही अर्थ त्याच्या ठिकाणी एकवटले आहेत. रणभूमीवर अर्जुन आहे. त्याचे दोन्ही डोळे उत्तम आहेत. इतके की बाणाचा नेम त्याच्यासारखा दुसऱ्या कोणाचा नाही. तरीही वर्षानुवर्षे ज्याच्या शेजारी बसला, जेवला, फिरला, त्यास त्याने केवळ सखा आणि यादव म्हणून हाक मारली. अकराव्या अध्यायात याच गोष्टीबद्दल तो क्षमा मागतो. सन्निधान होते, डोळे होते, परंतु ओळख नव्हती. भगवंत तेथे वारंवार 'पाहा' अशी आज्ञा करतात, आणि लगेच सांगतात की, या तुझ्या डोळ्यांनी मी दिसणार नाही, तुला निराळा चक्षु देतो. आज्ञा झाली तरी दृष्टी द्यावी लागली. ती अर्जुनाने मिळविली नाही, त्यास मिळाली. आणि ते उग्र रूप पाहून तो भ्यालाच. त्याचे चित्त ठिकाणावर आले ते श्रीकृष्णांचे सौम्य मनुष्यरूप पुन्हा पाहिल्यावर. जीवास जिव्हाळा वाटेल असे परमेश्वराचे दर्शन मनुष्यवेषातच आहे, हे रहस्य तेथे उघड होते.

राहिला धृतराष्ट्र. त्याने संपूर्ण गीता ऐकली, तीही प्रत्यक्ष पाहणाराच्या मुखातून. परंतु त्याचा पहिला प्रश्नच 'माझे' आणि 'पांडूचे' असा भेद करून आलेला होता. या 'माझे'पणाचे पटल शेवटपर्यंत हलले नाही. म्हणून तो दोन प्रकारे आंधळा ठरतो. शेवगावच्या त्या मातेने भ्यावयाचे तर धृतराष्ट्राच्या पहिल्या अंधत्वाला भिऊ नये, दुसऱ्याला भ्यावे. पहिले अंधत्व संजय भरून काढू शकला. दुसरे तो भरून काढू शकला नाही.

महानुभाव पंथात संजयाचे हे कार्य कोणी केले, हे वाचकांस सांगावयास नको. सर्वज्ञांचे उत्तरापंथे गमन झाल्यावर भक्तजन विरहाने व्याकूळ झाले. पुढे ऋद्धिपुरास आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य स्वामींच्या लीळा आठवू लागले, आणि त्या आठवणी म्हाइंभटांनी लिहून घेतल्या. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्यांनी ज्यांनी स्वामी पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी प्रत्येक लीळेची खातरजमा केली. कोठे, कोणत्या वेळी, कोण जवळ होते, काय बोलणे झाले, हे विचारले. जेथे दोघांच्या सांगण्यात फरक पडला तेथे तो फरक तसाच राखून ठेवण्याची परंपरा लीळाचरित्राने घालून दिली. साक्ष घेण्याची इतकी काटेकोर पद्धत तेराव्या शतकात मराठी भाषेत अवतरली, ही केवळ वाङ्मयाच्या इतिहासातील गौरवाची गोष्ट नाही. न पाहिलेल्यांची सोय पाहणाऱ्यांनी किती कळकळीने केली, याचे ते प्रमाण आहे. पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांनी त्या पुन्हा सिद्ध केल्या. डोळ्यांनी वाचावयाची पोथी गेली, परंतु आठवणीतील पोथी गेली नाही. ज्या मातेस ओळ दिसत नाही तिने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

दृष्टांत : पंडित आणि अडाणी यांचे एकत्र पाहणे

दृश् धातूपासून दृष्टी, दर्शन, दृश्य, द्रष्टा हे शब्द झाले. 'आदर्श' हाही त्याच धातूचा असून त्याचा मूळ अर्थ आरसा. डोळा सर्व काही पाहतो, पण स्वतःस पाहत नाही, त्यास आरसा लागतो. जीवासही आपले दोष आपल्या बळावर दिसत नाहीत. थोरांचे आचरण समोर ठेवले म्हणजे त्यात ते दिसतात. म्हणून अशा आचरणासच पुढे आदर्श म्हणू लागले.

याच धातूचा 'दृष्टांत' हा शब्द तर पंथाच्या जिव्हाळ्याचा. केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत असून सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी प्रत्येकाची मांडणी आहे. न्यायशास्त्रकारांनी दृष्टांताचे लक्षण असे केले आहे की, ज्या बाबतीत सामान्य मनुष्य आणि परीक्षक या दोघांची बुद्धी सारखीच चालते, तो दृष्टांत. म्हणजे दृष्टांत हे पंडित आणि अडाणी यांनी बरोबरीने पाहण्याचे ठिकाण आहे. सर्वज्ञांनी गहन सिद्धांत दृष्टांताने सांगितला, आणि तोही महाराष्ट्री भाषेत. याचा हेतू त्या लक्षणातच स्पष्ट होतो. केशिराजबासांसारखे संस्कृताचे जाणकार संस्कृतात प्रश्न करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस आवरले. स्वामींनी आपणास मराठीतच निरूपिले असून संस्कृताने वृद्ध भाबड्या स्त्रिया वंचित होतील, असा त्यांचा अभिप्राय होता. संस्कृत शब्दांची चिकित्सा करताना ही मर्यादा विसरता येत नाही. धातूंची फोड समजली नाही म्हणून कोणाचे दर्शन अडत नाही. धातूंची फोड समजूनही ज्यास कोणाचे अश्रू दिसत नाहीत, त्याचे दर्शन मात्र अडलेले आहे.

दृष्टांतपाठातील हत्तीचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. गावात हत्ती आला. आंधळे पाहावयास गेले. ज्याच्या हाती पाय लागला त्यास तो खांबासारखा वाटला, ज्याच्या हाती कान लागला त्यास सुपासारखा, सोंड लागली त्यास मुसळासारखा. प्रत्येकाचे म्हणणे एका अंशाने खरे, परंतु संपूर्ण हत्ती डोळसासच ठाऊक. या दृष्टांताचा उपयोग बहुधा इतरांच्या अपुऱ्या ज्ञानावर बोट ठेवण्यासाठी केला जातो. येथे थोडे थांबून विचार करावा. त्या आंधळ्यांची चूक कोणती? हाताने चाचपले ही त्यांची चूक नव्हे. डोळे नसताना हात हेच साधन होते. लागले तेवढेच सर्व, असे म्हणून ते भांडू लागले ही चूक. डोळसास विचारले नाही ही त्याहून मोठी चूक. वृद्ध माता पैठणास जाऊन स्थानाच्या ओट्यावर हात ठेवते, मस्तक ठेवते. तिलाही डोळ्यांनी दिसत नाही. परंतु 'मला सर्व कळले' असे ती म्हणत नाही. ज्यांनी पाहिले त्यांच्या शब्दावर तिचा विश्वास आहे. म्हणून ती त्या आंधळ्यांच्या पंक्तीतली नव्हे. उलट डोळे उत्तम असून जो साधक एका वचनाचा एक अंश धरून सधर्म्यांशी भांडतो, त्याने हत्तीचा कान धरलेला आहे.

आणि स्थानाच्या ठिकाणी तरी डोळ्यास काय दिसते? दगड, चुना, ओटा. संबंध डोळ्यास दिसत नाही. तो कळावा लागतो. चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठींनी स्थानपोथीत कोणते देऊळ कोणत्या दिशेस, दार कोणीकडे, आसन कोठे, हे इतक्या बारकाईने टिपून ठेवले, ते कळण्यासाठीच. सकळ लिपीत बांधलेली पोथी एखाद्यासमोर उघडून ठेवली, तर त्यास अक्षरे दिसतात, पण अर्थ लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांस त्या लिपीची उकल झाली, तेव्हा तीच अक्षरे बोलू लागली. डोळे पूर्वीचेच होते, किल्ली नवी मिळाली. स्थानाचेही तसेच. लीळा ठाऊक नसलेला डोळस ओट्याजवळून निघून जातो. लीळा ठाऊक असलेला दृष्टिहीन तेथे थांबतो. दोघांपैकी दर्शन कोणास घडले, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दृश् धातूचा नसलेला वर्तमानकाळ

दृश् धातूसंबंधी आणखी एक चमत्कारिक गोष्ट व्याकरण शिकणाऱ्या प्रत्येकास भेटते. 'त्याने पाहिले' यासाठी ददर्श असे रूप होते. 'तो पाहील' यासाठी द्रक्ष्यति असे रूप होते. परंतु 'तो पाहतो' असे कर्तरी वर्तमानकाळी म्हणावयाचे तर दृश् हा धातू पुढे येतच नाही. त्याच्या जागी पश्य हा आदेश येऊन पश्यति असे रूप होते. भूतकाळ आपला, भविष्यकाळ आपला, वर्तमानकाळ मात्र उसना!

व्याकरणकारांनी हा नियम परमार्थ मनात ठेवून केला नाही, हे उघड आहे. तरी साधकास यात आपल्या स्थितीचे चित्र दिसल्याखेरीज राहत नाही. सन्निधानातील भक्तांनी पाहिले, हा भूतकाळ. परमेश्वराचे सन्निधान पुन्हा घडावे, ही प्रत्येक साधकाची आशा, हा भविष्यकाळ. असन्निधानाचा हा मधला वर्तमानकाळ मात्र दर्शनाविना आहे. तो रिकामा कसा ठेवावयाचा? पाणिनीने रूप रिकामे ठेवले नाही, दुसरा धातू आणून बसविला. सर्वज्ञांनीही साधकाचा वर्तमानकाळ रिकामा ठेवला नाही. त्यांनी स्मरण दिले. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण हा दर्शनाच्या जागी आलेला आदेश आहे, आणि व्याकरणात आदेश आला म्हणजे मूळ धातूचे सर्व कार्य तोच करतो.

या चारही स्मरणांत चर्मचक्षूचे काम कोठेही नाही. नाम जिभेने आणि मनाने होते. लीळा कानांनी ऐकून मनात ठेवावयाची. मूर्तीचे स्मरण तर डोळे मिटूनच अधिक स्थिर होते. चेष्टा म्हणजे चालणे, बसणे, पाहणे, बोलणे. ती एकेक आठवावयाची. जो वर्तमानकाळ मिळाला आहे त्यात डोळस आणि अंध यांचा अधिकार सारखाच आहे. तेव्हा "दर्शन संपले का" या प्रश्नाचे उत्तर असे की, ज्या अर्थाने ते संपले त्या अर्थाने ते कोणाही साधकास आज नाही, आणि ज्या अर्थाने ते आहे त्या अर्थाने ते मातेचे संपलेले नाही.

पटल कोणी काढावे

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत. तेथे डोळ्यातील मसुराच्या डाळीएवढ्या भागास 'दृष्टी' हे नाव असून डोळ्याच्या थरांस 'पटल' म्हटले आहे. मोतीबिंदूसारख्या रोगावर शलाकेने करावयाची क्रियाही त्या ग्रंथात वर्णिली आहे. आजची शस्त्रक्रिया पुष्कळ निराळी आणि निर्धोक झाली असली, तरी एक तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे. वैद्य दृष्टी निर्माण करीत नाही, तो आड आलेले दूर करतो. आणि दुसरे असे की, कितीही मोठा नेत्रवैद्य असला तरी त्यास स्वतःच्या डोळ्यावर शस्त्र चालविता येत नाही. त्यास दुसऱ्या वैद्यासमोर निजावे लागते.

जीवाच्या अविद्येचे असेच आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न. जीव स्वतःच परमेश्वर असता तर त्यास आपले पटल आपणच दूर करता आले असते. ज्यास आजवर एकदाही ते साधले नाही, त्यास दुसऱ्याची, म्हणजे परमेश्वराची, आवश्यकता आहे हे अनुभवानेच सिद्ध होते. अविद्येचा छेद करणे हे परमेश्वराचे काम. वैद्यासमोर स्थिर राहणे हे रोग्याचे काम. या स्थिर राहण्यासच आचार म्हणतात.

ईक्षण : साधकाचे कर्तव्य

शेवटी 'ईक्षण' शब्द. ईक्ष् म्हणजे पाहणे. त्यास उपसर्ग लागून जे शब्द झाले त्यांत साधकाचा सारा दिनक्रम आला आहे. चहूकडून पाहणे ती परीक्षा. ती आपल्या आचरणाची करावी. एखाद्या वस्तूकडे डोळा लावून बसणे ती अपेक्षा. ती जगाकडून कमी करावी. पाहूनही न पाहिल्यासारखे करणे ती उपेक्षा. ती मानापमानाची करावी, परंतु दुःखिताची कधी करू नये. येणाराकडे डोळे लावून राहणे ती प्रतीक्षा. ती सन्निधानाची करावी. या चारांतील एकाही ठिकाणी डोळ्याची तीक्ष्णता लागत नाही.

उपेक्षेचा मात्र थोडा अधिक विचार पाहिजे. पुष्कळ घरी असे घडते की, म्हाताऱ्या माणसास दिसेनासे झाले म्हणजे "वयाचा परिणाम" म्हणून सर्व स्वस्थ बसतात. पोथी फडताळात राहते. नातवंडे शाळेतील पुस्तक मोठ्याने वाचतात, पण आजीला लीळा वाचून दाखविण्यास कोणास वेळ नसतो. भिक्षेस आलेले साधूही पुढच्या घरी जाण्याच्या घाईत असतात. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने पंथाने मानली. त्यांतील वासनिक म्हणजे हीच घरातली वृद्ध माता. स्थानाच्या दगडास जो इतक्या आदराने नमस्कार करतो, त्याने घरातील या चालत्याबोलत्या साधनाकडे पाठ करून बसावे, हे दृष्टी असून न दिसण्याचे लक्षण होय.

म्हणून शेवगावच्या त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी द्यावयाचे आहे. तिला सांगावयाचे ते असे : "आई, मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होत असेल तर अवश्य करून घ्या, देह हे साधन आहे, ते नीट ठेवणे हाही धर्मच. आणि दृष्टी आली वा न आली, तरी नाम घ्या, ऐकलेली लीळा आठवा, ओट्यावर हात ठेवून ज्यांनी पाहिले त्यांची आठवण करा. त्यांनी पाहिले ते तुमच्यासाठीच सांगून ठेवले आहे."

दुसरे उत्तर घरातल्या डोळसांस द्यावयाचे आहे. चक्षुचा धर्म पाहणे आणि सांगणे असा दुहेरी आहे. तुम्हांस ओळ दिसते ना, मग ती वाचून दाखवा. रोज एक लीळा, सायंकाळी, दिवा लावल्यावर. नागदेवाचार्यांनी आठविले, म्हाइंभटांनी लिहिले, स्मरण करणारांनी गेलेली पोथी परत आणली. या साखळीची पुढची कडी शेवगावच्या, पैठणच्या, ज्या त्या गावच्या घरात आहे. ज्या घरी अशी एक लीळा रोज वाचली जाते त्या घरी कोणी आंधळे नाही. आणि ज्या घरी पोथी फडताळात बांधलेली आहे, तेथे सर्वांचे डोळे उत्तम असले तरी दिवा अद्याप लागावयाचा आहे.

दंडवत प्रणाम.